तीन लाखांचा हेडसेट इंटिरियरच्या धंद्यासाठी घ्यावा का?

रेवा_फोंडा

नमस्कार मंडळी. फोंड्यात माझं इंटिरियरचं छोटं ऑफिस आहे. मी, एक ड्राफ्ट्समन आणि पावसाळ्यात स्लॅबमधून टपकणारं पाणी, एवढाच स्टाफ. कामं बहुतेक बार्देशातली: आसगाव, शिवोली, हळदोणे. जुनी घरं विकत घेऊन दुरुस्त करणारी दिल्ली-बंगळूरची माणसं. त्यांना प्लॅन दाखवला की "नाइस" म्हणतात, थ्रीडी व्ह्यू दाखवला की "व्हेरी नाइस" म्हणतात, आणि सुताराने काम उभं केलं की "हे एवढं पुढे येणार होतं?" म्हणून विचारतात. चवथीच्या तोंडावर एका घरातलं अख्खं कपाट सहा इंच मागे घ्यावं लागलं. भुर्दंड कोणाला बसला ते विचारू नका.

तर ॲपलचा व्हिजन प्रो, डोळ्यांवर चढवायचा हेडसेट, ज्यात थ्रीडी घर समोर असल्यासारखं दिसतं. ऑक्टोबर 2025 मध्ये त्याचं एम5 चिपवालं नवं मॉडेल आलं, किंमत 3,499 डॉलरपासून पुढे. माझा मावसभाऊ दुबईत असतो, नाताळाला येतोय, मोपाच्या विमानतळावर उतरणार. "ताई, घेऊन येऊ का?" म्हणून विचारतोय. घरातून मत असं की एवढ्या पैशांत चांगली सेकंडहँड गाडी येते. मला गाडी नकोय, मला क्लायंटने सुतार येण्याआधी "हो" किंवा "नको" म्हणायला हवंय.

माझ्याकडे विंडोजचा पीसी आहे, ग्राफिक्स कार्ड बरं आहे. काम स्केचअप (थ्रीडी मॉडेल बनवायला) आणि एन्स्केपवर (तेच मॉडेल खऱ्यासारखं दाखवायला). फोन अँड्रॉइड. चष्मा साडेचारचा मायनस, वर सिलिंडरचा नंबर. वापरलेल्यांनीच सांगा, यूट्यूबवरचं सगळं बघून झालंय.

तिठ्यावरचा

घरातलं मत बरोबर आहे, गाडी घ्या. मायक्रोसॉफ्टचा तसलाच हेडसेट, होलोलेन्स 2, आठवतो का? तोही 3,500 डॉलरचा, तोही "आर्किटेक्टसाठी, इंजिनियरसाठी" म्हणून विकला. 2024 मध्ये बनवणंच बंद केलं. गूगलचं फोन आत घालून बघायचं पुठ्ठ्याचं कार्डबोर्ड 2014 मध्ये आलं, 2021 मध्ये विक्री बंद. ते माझ्याकडे अजून कपाटावर आहे. पाल राहते त्यात, भाडं देत नाही.

म्हापशेकर_बाब

रेवाताई, तिठ्यावरच्यांचं ऐकून हसा, पण लगेच गाडी बघायला जाऊ नका. मी बिल्डर लोकांसाठी थ्रीडी करतो. माझ्याकडे मेटाचा हेडसेट, क्वेस्ट 3, आहे, रोजच्या कामात आहे. व्हिजन प्रोचा डेमो दुबईच्या शोरूममध्ये घेतलाय, वेळ ठरवून गेलं की फुकट देतात. भावाला आधी तिथे बसवा, मग पैशांचं बोला.

डेमोबद्दल खरं सांगायचं तर चित्र बघून माणूस गप्प होतो. दोन डोळ्यांचे मिळून 2.3 कोटी पिक्सेल. अक्षरं छापल्यासारखी दिसतात, नजरेने बटण निवडायचं आणि दोन बोटं चिमटीत धरली की क्लिक. क्वेस्टमधून आजूबाजूची खोली बघितली तर थोडी पाण्याखालची वाटते, ह्यात तसं होत नाही. ह्या बाबतीत वाद नाही.

पण तुमच्या टेबलावर विंडोज आहे, आणि माझ्या मते सगळा निकाल तिथेच लागतो. व्हिजन प्रोची खरी जोडी मॅकशी. मॅकचा स्क्रीन भिंतीएवढा करून समोर टांगता येतो, कामाला सुंदर. एन्स्केपचं व्हीआर (हेडसेट घालून मॉडेलच्या आत उभं राहणं) मात्र विंडोज पीसीवर चालतं आणि क्वेस्टला केबलने सरळ जोडलं जातं. स्केचअपमध्ये मॉडेल उघडा, एन्स्केप सुरू करा, व्हीआरचं बटण दाबा, क्लायंट स्वयंपाकघरात उभा. हेच व्हिजन प्रोवर आणायचं तर मधे तिसऱ्याच कोणाचं सॉफ्टवेअर घालून खटपट करावी लागते, आणि ती खटपट तुम्ही क्लायंट समोर खुर्चीत बसलेला असताना करणार. नको.

आता हिशेब. 3,499 डॉलर म्हणजे तीन लाखांच्या वर. परदेशातून येणाऱ्या आपल्या माणसाला 75,000 रुपयांपर्यंतचं सामान माफ आहे, त्यावरच्या रकमेवर 38.5 टक्के ड्युटी. म्हणजे लाखभर रुपये मोपालाच ठेवायचे. लॅपटॉपला वेगळी सूट असते, तो ह्यात धरत नाहीत, पण हेडसेट म्हणजे लॅपटॉप नव्हे. भावाबरोबर वहिनी येत असतील तरी दोघांची सवलत एकत्र करता येत नाही. एक वस्तू, एक प्रवासी. "खोका फेकून दे, वापरलेला आहे म्हणून सांग" असले सल्ले देणारे ढीगभर भेटतील. भावाला त्यात घालू नका, बिल हातात ठेवून रेड चॅनेलमधून (ड्युटी भरणाऱ्यांच्या रांगेतून) जाऊ दे. तर चार लाखांच्या पुढे गेलात, आणि भारतात ॲपलने हा विकायला काढलेलाच नाही. काही बिघडलं तर पणजीत नेऊन दाखवायला जागा नाही, परत दुबईच.

क्वेस्ट 3 (512 जीबी) 2025 मध्ये 499 डॉलरला होता. पंचेचाळीस हजारांच्या आसपास, म्हणजे सवलतीत बसतो, भावाने त्याच बॅगेत कोणासाठी आयफोन कोंबला नाही तर. तोही बाहेरूनच आणायचा, पण पंचेचाळीस हजारांचा जुगार आणि चार लाखांचा जुगार ह्यात फरक आहे. स्वस्तातला क्वेस्ट 3एस मिळतो. तो घेऊ नका. त्याची भिंगं जुन्या फ्रेनेल पद्धतीची, कडेला चित्र पुसट होतं, आणि दोन डोळ्यांतलं अंतर तीनच खाचांवर बसवता येतं. रोज नवीन माणसाच्या डोक्यावर चढवायचा असेल तर क्वेस्ट 3 चं चाक बरं, फिरवलं की झालं. सॅमसंगचा गॅलेक्सी एक्सआर 1,799 डॉलरला ऑक्टोबर 2025 मध्ये आला, पण सुरुवातीला फक्त अमेरिका आणि कोरियात. त्याचा विचार सोडा.

वजनाचं कोणी बोलत नाही. नवा व्हिजन प्रो 750 ते 800 ग्रॅम, आणि बॅटरी त्यात नाही, ती वायर लावून खिशात. क्वेस्ट 3 बॅटरीसकट 515. साठीच्या बाईच्या मानेला हा फरक पाच मिनिटांत कळतो.

आणि साइटवरचं. ऑफिसात खुर्चीवर बसवून दाखवणं सोपं. प्रत्यक्ष घरात, खऱ्या भिंतीत खोटं कपाट उभं करून दाखवायचं असेल तर मॉडेल हलकं करून हेडसेटमध्येच उघडावं लागतं, आतला चिप शेवटी मोबाइलच्याच जातीचा. खोलीत आपण कुठे आहोत हे हेडसेटला कॅमेऱ्यातून भिंतीवरच्या खुणा बघून कळतं. उघड्या चिऱ्याची भिंत असली तर स्वर्ग, चिऱ्याच्या प्रत्येक भोकाला तो धरून ठेवतो. त्याच खोलीला पुट्टी मारून पांढरी केलीत की धरायला काही उरत नाही, कपाट हळूहळू दाराकडे चालायला लागतं. मी पांढऱ्या भिंतींवर रंगीत मास्किंग टेपच्या फुल्या मारून ठेवतो. वायरिंग झालेलं नसेल तर एक हॅलोजन न्या. अंधारात चित्र मुंग्या आल्यासारखं दिसतं आणि हात ओळखत नाही.

बलकांवात (घरापुढच्या ओसरीत) कधीही भिंगं वर करून ठेवू नका. भिंगातून ऊन आत गेलं की पडद्यावर एका जागी गोळा होतं आणि जाळतं. तो डाग कायमचा. हे कुठलाही हेडसेट घेतलात तरी लागू.

तिठ्यावरचा

मास्किंग टेप हेडसेटसाठी कशाला, जमिनीवरच लावा की. ओटा किती पुढे येतो ते टेपने आखा, कपाटाच्या जागी पुठ्ठ्याचे खोके रचा, क्लायंटला म्हणा चाल इथून. दोनशे रुपये.

म्हापशेकर_बाब

खोलीसाठी बरोबर, मीही करतो. पण लॉफ्टची उंची टेपने कशी दाखवणार? आणि जुन्या घरात छपराचा उतार असतो, वरचं कपाट वाशाला कुठे भिडतं ते खोक्यांवरून कळत नाही. क्लायंट भांडतात ते नेहमी डोक्याच्या वरच्या गोष्टींवरून.

नंबरवाली_मडगाव

मी ऑप्टोमेट्रिस्ट, चष्म्याचे नंबर काढते. रेवा, चष्मा घालून व्हिजन प्रो वापरता येत नाही. चष्म्याच्या जागी झाइसची भिंगं आत चुंबकाने बसवतात, त्याचे नंबराप्रमाणे 149 डॉलर वेगळे, आणि प्रिस्क्रिप्शन लागतं. सिलिंडर त्यात बसतो, त्याची काळजी नाही. पण ती भिंगं तुझ्या नंबराची. क्लायंटचा नंबर वेगळा, म्हणजे प्रत्येक वेळी काढा, पुसा, डबीत ठेवा. क्लायंट चष्मेवाला असला तर त्याला पुसटच दिसणार. मऊ कॉन्टॅक्ट लेन्स चालतात, कडक लेन्सने नजर ओळखायला त्रास होऊ शकतो. शिवाय चेहऱ्याभोवतीचं सील मापाप्रमाणे येतं, माप आयफोनने चेहरा स्कॅन करून घेतात. भावाचा चेहरा स्कॅन करून आणलेलं तुला बसेलच असं नाही.

क्वेस्ट 3 मध्ये आतली जागा पुढे-मागे होते, बहुतेक चष्मे मावतात. फक्त चष्म्याची काच भिंगाला घासणार नाही एवढं बघ, चरा पडला की निघत नाही.

दुसरं म्हणजे ह्या सगळ्यांत चित्र ठरावीक अंतरावर असल्यासारखं दिसतं, एक-दोन मीटर धर. हातातली टाइल नाकाजवळ आणली तरी डोळ्याचं फोकस तिथेच राहतं, बुबुळं मात्र आत वळतात. डोळे शिणतात ते त्यामुळे. माझ्या मते एका बैठकीत पंधरा-वीस मिनिटं पुरे. आणि क्लायंटची मुलं "मला, मला" करत येतात, त्यांच्या हातात देऊ नकोस. ॲपल 13 वर्षांखाली नको म्हणतं, मेटा 10 च्या खाली.

रेवा_फोंडा

सगळ्यांचे आभार. आयफोनने चेहरा स्कॅन करण्याची भानगड मला माहीतच नव्हती, भाऊही बोलला नाही.

म्हापशेकर बाब, दोन गोष्टी. एक, उलटी. माझ्या एका क्लायंटची आई माझ्या गाडीत पुढच्या सीटवर बसूनही पर्वरीपर्यंत डोळे मिटून असते. निर्णय तीच घेते, तिला बाजूला ठेवता येत नाही. आणि दोन, बायकांचं. अंबाड्यावरून पट्टा कसा बसवायचा? कुंकू, सनस्क्रीन, घाम, हे सगळं त्या फेसपॅडला लागणार, आणि तेच पुढच्याच्या कपाळाला टेकवायचं?

म्हापशेकर_बाब

उलटीचं कारण म्हणजे डोळे सांगतात आपण चाललोय आणि कान सांगतो आपण उभेच आहोत. म्हणून कंट्रोलरची काठी पुढे ढकलून क्लायंटला घरभर फिरवायचं नाही. एका जागेवरून दुसऱ्या जागी उडी मारायची, एन्स्केपमध्ये तशी सोय आहे, आणि प्रत्येक जागी आजूबाजूला मान फिरवून बघायला द्यायचं. कंट्रोलर आपल्या हातात ठेवा, त्यांच्या हातात दिलात की पहिलं काम भिंतीतून आरपार जातात. आजीबाईंना साइटवरच दाखवा, खऱ्या खोलीत खोटं कपाट. खरी जमीन दिसत असते, पाय चालतात तसंच डोळ्यांना दिसतं, त्यामुळे बहुतेकांना त्रास होत नाही. कोणाला तरी होईलच, एक खुर्ची मागे ठेवा.

पट्ट्याचं म्हणाल तर मूळचा कापडी पट्टा काढून मागे चाक असलेला कडक पट्टा घ्या. अंबाडा त्याच्या वर राहतो. गजरा असेल तर आधी काढायला सांगा, त्या स्वतःच काढतात. कुंकवाला उपाय म्हणजे सिलिकॉनचं कव्हर, प्रत्येक माणसानंतर ओल्या कपड्याने पुसायचं. कापडी फेसपॅड जूनमध्ये आठवड्यात कुबट वास मारायला लागतो. भिंगांना मात्र ओलं काही लावायचं नाही, कोरडं मायक्रोफायबरच. पावसाळ्यात कॅमेऱ्याची लेन्स ठेवता तशा घट्ट डब्यात सिलिका जेल घालून ठेवा, बुरशीला ॲपल-मेटा सगळं सारखंच.

रेवा_फोंडा

भावाला आत्ताच मेसेज टाकला: क्वेस्ट 3, 512 जीबी, कडक पट्टा, सिलिकॉन कव्हर, बिल पासपोर्टबरोबर. त्याचं उत्तर, "व्हिजन प्रो नको? मग मी घरी काय मिरवू?" त्याला स्वतःसाठी घ्यायचा होता हे आत्ता कळतंय.

केबल कुठली लागते? पाच मीटरची चालेल ना? आमच्या पीसीपासून मोकळी जागा तेवढी लांब आहे.

म्हापशेकर_बाब

पाच मीटर चालते, पण लिंकसाठी (हेडसेट पीसीला जोडायला) म्हणून विकतात तीच यूएसबी-सी केबल घ्या, फोन चार्जिंगची नको. एक टोक काटकोनात वळलेलं बघून घ्या, कानाच्या बाजूला कमी ओढतं. आणि पीसीच्या मागच्या पोर्टमध्ये लावा, पुढच्यावर माझं कनेक्शन मधेच तुटायचं.

तिठ्यावरचा

आणि खोकी फेकू नका. कपाट दाखवायला लागतील.