मदत हवी आहे : रेसिंग बोटीच्या आतल्या रेलसाठी प्लाय की कार्बन?

नमस्कार मंडळी. माझी ८० सेंमी लांबीची फायबरग्लासची रिमोट बोट आहे, ब्रशलेस मोटरची. पूर्ण वेगात लाटेवर आपटली की तळ लवतो, मोटर आणि पंखा फिरवणारा शाफ्ट एका रेषेत राहत नाहीत आणि त्यांना जोडणारं कपलिंग थरथरतं. म्हणून आतून तळाला दोन उभ्या रेल चिकटवायच्या आहेत.

६ मिमी बर्च प्लाय कापायला सोपा, एपॉक्सी (दोन भाग कालवून लावायचा चिकट रेझिन) त्याला छान धरतं. पण स्क्रूच्या भोकांतून पाणी मुरलं की फुगतो. भोकं एपॉक्सीने भरून पुन्हा पाडली तर पुरेल का? अ‍ॅल्युमिनियम अँगलवर एपॉक्सीची पकड मला भरवशाची वाटत नाही, घासूनसुद्धा. कार्बन फायबरची चौकोनी नळी हलकी आणि ताठ, पण रिमोटचा २.४ गिगाहर्ट्‌झचा सिग्नल अडवते. अँटेना वर काढली तर भागेल?

माझा कल प्लायकडे आहे, वरच्या कडेला कार्बनची पट्टी लावून. उंची १५ ऐवजी २० मिमी घेतली तर रेलचा ताठपणा दुपटीहून जास्त होतो, ते वजन मला मान्य आहे. खरी भीती रेल संपते तिथे तळाला तडा जाण्याची. टोकं किती लांब निमुळती करावीत? कुणी केलं असेल तर कृपया सांगा, रविवारी एपॉक्सी कालवायचं आहे.