जिप्सीचा रॉक क्रॉलर करायचाय, सुरुवात कुठून करू?

सह्यवारू:
मंडळी, एमपीएफआय (इंधन इंजेक्शनवाली) जिप्सी घेतली आहे. चेसिस सरळ आहे, मागच्या पाट्यांच्या हँगरजवळ (पाटे चेसिसला जिथे टांगतात तिथे) थोडा गंज. मित्राच्या शेताकडेच्या ओढ्यात काळ्या फत्तराचे कमरेएवढे धोंडे आहेत, तिथे सावकाश चढणारी गाडी हवी आहे. पळवायची अजिबात नाही. गॅरेजवाले म्हणतात, आधी लिफ्ट (सस्पेन्शन उंच करणं) आणि ३१ इंची टायर टाका, बाकीचं नंतर बघू. पैसे टप्प्याटप्प्यानेच घालता येतील. काय करावं?

डिफलॉक_नाना:
लिफ्टला आत्ता हात लावू नका. धोंड्यावर गाडी टेकते ती बहुतेक वेळा डिफच्या (अ‍ॅक्सलच्या मध्ये असलेल्या डिफरन्शियलच्या) गोळ्यावर, आणि लिफ्टने तो गोळा सूतभरही वर येत नाही. येतो तो फक्त मोठ्या टायरने. मूळ टायर साधारण २६ इंची, म्हणजे ३१ टाकला की खाली अडीच इंच मिळतात. पण टायर मोठा झाला की तोच पहिला गिअर गाडीला जड जातो. इंजिन १३०० सीसी, टॉर्क १०३ न्यूटन-मीटर आणि तोही ४५०० आरपीएमला. मग धोंड्यापुढे अर्धा क्लच धरून रेस द्यावी लागते. क्लचचा वास येतो, गाडी उसळते, आणि उसळून चाक दगडावर पकडलं की शाफ्ट तुटतो.

म्हणून पहिला खर्च ट्रान्स्फर केसवर करा, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या आणि लो गिअर देणाऱ्या डब्यावर. जिप्सीत ती गिअरबॉक्सपासून सुटी असते, मध्ये छोटा शाफ्ट, त्यामुळे गिअरबॉक्स न उतरवता काम होतं. मूळ लो रेशो सुमारे २.२७ आहे; हा आकडा जितका मोठा, तितकी गाडी सावकाश आणि जोर जास्त. परदेशात सुझुकी सामुराईसाठी (जिप्सीचीच तिकडची बहीण) ४.१६चे गिअर मिळतात. मागवण्याआधी आपल्या केसचा फोटो पाठवून ते बसतील याची खात्री करून घ्या. मग क्लचवरून पाय काढा, नुसत्या आयडलवर गाडी दगड चढते. जीप रँग्लर रुबिकॉनला कंपनीतूनच ४:१ लो येतो, तो याचसाठी. केसचे रबर माउंटही त्याच वेळी बदला, वाढलेल्या टॉर्कने आधी तेच फाटतात.

दुसरा खर्च मागच्या लॉकरवर, म्हणजे डिफ लॉक करून दोन्ही चाकं एकत्र फिरवणाऱ्या भागावर. ओपन डिफमध्ये अधांतरी चाक गरगरतं आणि टेकलेलं थंड बसतं. टायर त्यानंतर.

घाटवाट:
नानांशी सहमत. पुढे कधी पाटे अ‍ॅक्सलच्या वर घेतलेत, तर ट्रॅक्शन बार (अ‍ॅक्सलला फिरू न देणारा दांडा) लावाच. नाहीतर जोर आला की पाटा पिळवटतो, अ‍ॅक्सल फिरतो आणि प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस (सांधे) जातात.

सह्यवारू:
लॉकरऐवजी डिफ वेल्ड केलं तर? आणि ओढ्यापर्यंत गाडी रस्त्याने चालवत नेली तर चालेल ना?

डिफलॉक_नाना:
वेल्ड केलेली गाडी डांबरावर वळताना टायर घासते आणि शाफ्टवर सतत पीळ राहतो. फक्त शेतातच फिरवणार असाल तरच करा. रस्त्याचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. मूळ रचना बदललेली गाडी रस्त्यावर आणता येत नाही, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये ते स्पष्ट केलं आहे. टेम्पोत घालून न्या.

घाटवाट:
आणि गंजाचं काम सगळ्याआधी. हँगर कापून नवीन जाड पत्रा लावून घ्या. रोल केज (गाडी उलटली तर आतल्यांना वाचवणारा नळ्यांचा सांगाडा) पाण्याच्या पाइपचा करू नका, सीमलेस नळी घ्या आणि पाय चेसिसला बांधा. नुसत्या पत्र्याच्या फ्लोअरवर उभा केलेला केज गाडी उलटली की फ्लोअर फाडून आत घुसतो.