मदत हवी आहे: पोकर स्टेकिंगच्या करारात टीडीएसचा वाटा कुणाचा?

मंडळी, सांगलीतल्या एका पोकर खेळाडूचा विट्याच्या स्टेकरशी (त्याच्या खेळावर पैसे लावणाऱ्याशी) करार लिहायचाय. ऑनलाइन पैशाचा खेळ 2025 च्या कायद्याने बंद, म्हणून फक्त गोव्यातल्या लाइव्ह टूर्नामेंट. प्रवेश फी स्टेकरची, नफा निम्मा-निम्मा, आणि आधीचा तोटा (मेकअप) पहिल्यांदा फेडायचा.

गाडी अडते ती कराशी. समजा बक्षीस 10 लाख, मेकअप आताच्या फीसकट दीड लाख. कॅसिनो 30 टक्के कापून 7 लाख हातात देतो आणि कापलेला कर पूर्ण खेळाडूच्या पॅनवर दिसतो. 7 लाखांतून मेकअप वजा केला तर उरलेल्या साडेपाचचे प्रत्येकी पावणेतीन. पण वाटणी 10 लाखांवर धरली, तर स्टेकरला 5.75 (मेकअपचे दीड, नफ्याचे सव्वाचार) आणि सगळा कर सोसून खेळाडूकडे फक्त सव्वा लाख! वर त्या 3 लाख करावरच्या 4 टक्के सेसचे (उपकराचे) 12,000 रिटर्न भरताना त्याच्याच खिशातून. हरलेल्या स्पर्धांची फी कर काढताना वजा होत नाही, हे दुखणं वेगळंच.

म्हणून विचारतोय:
सेससुद्धा वाटणीत कसा लिहावा? स्टेकरला गेलेली रक्कम त्याच्या रिटर्नमध्ये काय म्हणून दाखवायची? महाराष्ट्रात पैजेला जोडलेले करारही कोर्टात टिकत नाहीत. मग 500 च्या स्टॅम्पला अर्थ आहे का, की साधी सही केलेली वही बरी?

मिरज-सांगलीत असे रिटर्न भरणारे सीए असतील तर जरूर सांगा. ‘जुगार’ म्हणून हात झटकणारे नकोत.