मदत हवी आहे: व्हीएममधल्या व्हीएमसाठी (व्हीएम म्हणजे आभासी मशीन) व्हीएमएक्स रजिस्टर (व्हीएमएक्स म्हणजे व्हीएम चालवायची इंटेल प्रोसेसरमधली सोय)

नमस्कार मंडळी, बेळगावात आमच्याकडे दोन इंटेल मशीन आहेत, एक जुनं, एक नवं. नव्यावर केव्हीएमच्या (लिनक्स कर्नलमधली व्हीएम चालवणारी सोय) व्हीएममध्ये दुसरी व्हीएम छान चालते. बाहेरची व्हीएम जुन्यावर हलवली की क्यूईएमयू (व्हीएम चालवणारा प्रोग्राम) 'एमएसआर ०एक्स४८बी सेट झालं नाही' म्हणून बंद पडतं. एमएसआर म्हणजे प्रोसेसरचं खास रजिस्टर; हे कोणती व्हीएमएक्स फीचर चालतात ते सांगतं. एररमध्ये दाखवलेल्या व्हॅल्यूचे शेवटचे आठ हेक्स आकडे, म्हणजे खालचे ३२ बिट, शून्य, म्हणजे भांडण वरच्या ३२ बिटांचं.

दोन्हीकडे नेस्टेड (व्हीएममध्ये व्हीएम चालवायची सेटिंग) चालू, कर्नल एकच. होस्ट-पासथ्रू (खरा प्रोसेसर जसाच्या तसा व्हीएमला दाखवणं) काढून जुन्या पिढीचं सीपीयू मॉडेल दिलं, व्हीएम पूर्ण बंद करून परत चालू केली. फरक नाही. जुनं मशीन बदलणं शक्य नाही, लाईट गेली की तेच आधार.

दोन्ही मशीनच्या वरच्या बिटांचा (काय चालू करता येतं) अँड आणि खालच्यांचा (काय चालू ठेवावंच लागतं) ऑर घेऊन व्हीएमएक्स फीचर एकेक बंद करायची, की ०एक्स४८सी या पुढच्या व्हीएमएक्स रजिस्टरसाठी नियम वेगळा आहे?