पोरांचं स्नॅपचॅट: फोन हिसकून घ्यावा की शेजारी बसून समजून घ्यावं?

गावचा मास्तर (यवतमाळ जिल्हा):
परवाच्या पालकसभेत अभ्यासापेक्षा स्नॅपचॅटवर जास्त बोलणं झालं. "ते पिवळं भुताचं ॲप", एवढीच बहुतेकांची ओळख. एका वडिलांनी तर पोरीचा फोन तिथल्या तिथं काढून घेतला. मला हे पटत नाही. आधी पोरालाच म्हणा, दाखव बाबा काय आहे ते.

पाठवलेला फोटो समोरच्यानं पाहिला की निघून जातो, म्हणून पोरं बिनधास्त होतात. पण त्यानं स्क्रीनशॉट काढला तर आपल्याला फक्त सूचना येते, थांबवत कोणी नाही. दुसऱ्या मोबाइलनं स्क्रीनचाच फोटो मारला तर सूचनाही नाही. या "गायब होतो" म्हणण्यावरूनच 2014 साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं, म्हणजे ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या सरकारी संस्थेनं, कंपनीला धरलं होतं. दुसरं म्हणजे ॲपमधला नकाशा. आपलं ठिकाण त्यावर आपोआप दिसत नाही, पण पोरांनी कधीतरी सगळ्या मित्रांसाठी ते चालू केलेलं असतं. वेचणीच्या दिवसांत सगळं घर वावरात आणि पोरगी घरी एकटी, हे यादीतल्या कोणालाही कळावं का? घोस्ट मोड लावला की ठिकाण दिसत नाही, मिनिटभराचं काम आहे. फोन हिसकला तर यातलं तुम्हाला काहीच कळणार नाही.

वऱ्हाडी बाप:
मास्तर, तुमचं बोलणं पुस्तकातलं हाय. आमी सकायी वावरात जातो, संध्याकायी आलो का ढोराइचं पाहा लागते. शेजारी बसाव कवा? लॉकडाऊनमधी शाळेसाठी फोन घेतला, शाळा कधीच्या सुरू झाल्या, फोन काही पोट्ट्याच्या हातातून सुटला नाही. ॲपले 13 वर्षं वय लागते म्हणते, माह्या लायन्या पोट्ट्यानं जन्मसाल खोटं टाकलं अन् झालं चालू. ज्याले वय खरं का खोटं तेच समजत नाही, त्याच्यावर भरोसा कायले ठेवू? ॲप काढून टाकलं. विषय संपला.

बारावी सायन्सवाली:
काका, संपला नाही. मित्राच्या फोनवर लॉगिन करता येतं. आणि तुम्ही सगळे फोटोवरच अडकलात, स्ट्रीकचं कोणी बोलतच नाही. दोघांनी 24 तासांच्या आत एकमेकांना स्नॅप, म्हणजे ॲपवरून फोटो किंवा व्हिडिओ, पाठवायचा, असं सलग तीन दिवस झालं की नावापुढे आग दिसते आणि आकडा वाढत जातो. तुटायला आली की वाळूचं घड्याळ येतं. आमच्या वर्गातली पोरं छताच्या पंख्याचा फोटो पाठवतात, नाहीतर नुसत्या अंधाराचा. आकडा राहिला म्हणजे झालं! मामाच्या गावाला रेंज नसली तर "माझ्या स्ट्रीक सांभाळ" म्हणून पासवर्ड मैत्रिणीला देऊन जातात. म्हणजे अख्खं अकाउंट दुसऱ्याच्या हातात, आणि घरी कोणाला पत्ता नाही. तुमच्या पोराला एवढंच विचारा, पासवर्ड कोणाकोणाकडे आहे.

दारव्ह्याची सून:
मास्तर, शेजारी बसून सगळं कळतं हा तुमचा भ्रम आहे. 2022 साली स्नॅपचॅटनं पालकांना लक्ष ठेवता यावं म्हणून फॅमिली सेंटर आणलं. त्यासाठी आईबापाचं स्वतःचं अकाउंट लागतं आणि पोरानं विनंती मान्य करावी लागते. मी लावलं. मित्रांची यादी दिसते, गेल्या सात दिवसांत कोणाशी बोलणं झालं ते दिसतं, काय बोलणं झालं ते नाही. यादीत सगळी टोपणनावं! त्यातला कोण आपल्या वर्गातला आणि कोण मुंबईचा पन्नाशीचा बुवा, हे आईनं कसं ओळखावं? शिवाय पिन टाकून फोटो लपवायची वेगळी जागा आहेच.

आणि एक बोलते, राग आला तरी चालेल. आपल्याकडे फोन जातो तो पोरीचाच. पोरीचा फोटो पोराच्या फोनमध्ये सापडतो आणि कॉलेज पोरीचं बंद होतं.

वऱ्हाडी बाप:
पाहा मास्तर, वहिनीच सांगून रायल्या का काही समजत नाही. मंग ठेवावच कायले?

गावचा मास्तर:
टोपणनावं ओळखू येत नाहीत, कबूल. म्हणूनच यादी उघडून एकेका नावाला विचारायचं, हा कोण. ज्याला पोरगं कधी भेटलंच नाही तो यादीतून बाहेर.

भाऊ, फोटोवरून धमकावणाऱ्याकडे एकच वाक्य असतं, "तुझ्या घरी पाठवीन." पोरानं आधीच घरी सांगितलं असेल तर त्याचा धंदा तिथंच बसतो. ज्या पोराला ठाऊक आहे की सांगितलं तर आधी फोन जाईल, मग शाळा जाईल, ते पोरगं गुपचूप पैसे देत राहतं. अशा वेळी पैसे द्यायचे नाहीत, चॅट पुसायचं नाही. धमकीचा आणि खात्याच्या नावाचा फोटो दुसऱ्या फोननं काढायचा, म्हणजे त्याला सूचना जात नाही. मुलांसाठी 1098 हा मदतीचा नंबर आहे, पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 ला फोन. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर मुलांच्या अश्लील फोटोंची तक्रार नाव न देताही करता येते.

वर्धेचा वकील:
"ठाण्यात गेलो तर गावभर होईल", ही भीती मी रोज ऐकतो. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा पॉक्सो कायदा 2012 चा आहे. त्याच्या 24 व्या कलमाप्रमाणे मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या जागी घ्यायचा असतो, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं, आणि गणवेशात नाही. हे ठणकावून मागा. दुसरं, 18 वर्षांखालच्या मुलाचा अश्लील फोटो पुढे पाठवणं हाच गुन्हा आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या 67-ब कलमात पहिल्या वेळी 5 वर्षांपर्यंत कैद आणि 10 लाखांपर्यंत दंड आहे. "पुरावा" म्हणून भावकीच्या ग्रुपवर टाकणारे काकाही त्यात येतात.

वऱ्हाडी बाप:
पोट्ट्याले इचारलं. पासवर्ड दोघाइपाशी हाय, त्यातला एक पुसदचा, आमी त्याले कधी पाह्यलाही नाही. इकडं ॲप काढलं, तिकडं अकाउंट चालूच. ते कायमचं कसं बंद कराव, पोरी?

बारावी सायन्सवाली:
आधी पासवर्ड बदलायचा काका, मग डिलीट. डिलीट केलं तरी 30 दिवस ते नुसतं झोपलेलं असतं. पासवर्ड बदलला नसेल तर तेवढ्यात जुना टाकून कोणी आत आलं की पुन्हा सुरू.

वऱ्हाडी बाप:
संध्याकायी बसतो त्याच्यापाशी. पण मास्तर, माह्यं मत तेच हाय. ॲप पुन्हा येत नाही घरात.