विलीज जीपचा तापमानाचा गेज: दुरुस्त करावा की नवा बसवावा?

जुनी_चाकं
मंडळी, सल्ला हवा आहे. गाडी विलीज एमबी, म्हणजे लष्करी जीप, १९४३ ची. वायरिंग अजून मूळचं ६ व्होल्टचंच आहे. इंजिन उतरवताना कामगाराने तापमानाच्या गेजची नळी न सोडवताच इंजिन वर घेतलं आणि ती बारीक तांब्याची नळी बल्बपासून, म्हणजे इंजिनात बसणाऱ्या, तापमान टिपणाऱ्या टोकापासून, वीतभर अंतरावर तुटली. तेव्हापासून काटा खालच्या टोकाला पडून आहे, हलत नाही. काचेलाही तडा गेलाय.
डायल मात्र इतकी छान राहिली आहे की काढून टाकायला मन होत नाही. नवीन नकला मिळतात, पण त्यांचे आकडे जाड आणि काटा वेगळ्याच आकाराचा असतो. शेजारच्या चार मूळ गेजमध्ये ती नक्कल लगेच डोळ्यात भरेल. कोणी असा गेज दुरुस्त केलाय का? काच बदलायला तिच्याभोवतीचं कडं मी स्वतः उघडलं तर चालेल का?
जाता जाता, काट्यावर पिवळट तपकिरी रंग आहे. अंधारात काही चमकत नाही.

काटेकोर
कडं उघडू नका. आधी त्या पिवळट रंगाचं बघा.
त्या काळी लष्करी उपकरणांच्या काट्यांना आणि आकड्यांना रेडियमचा रंग सर्रास लावत. आता चमकत नाही म्हणजे संपला, असं नसतं. रेडियमच्या किरणांनी उजळणारं झिंक सल्फाइड काही वर्षांत निकामी होतं, म्हणून उजेड जातो. रेडियम २२६ चं अर्धआयुष्य मात्र साधारण १६०० वर्षांचं. तुमच्या काट्यावर ते असेल तर जवळजवळ सगळं अजून तिथेच आहे.
धोका खरा आहे तो त्या रंगाच्या भुकटीचा. रंग जुना झाला की ठिसूळ होतो, खरवडला की धूळ उडते आणि ती श्वासातून किंवा बोटांवरून पोटात जाते. गायगर काउंटर, म्हणजे किरणोत्सर्ग मोजणारं यंत्र, कोणाकडून तरी आणून काचेवर धरा. आकडा भोवतालच्या पातळीपेक्षा स्पष्ट वर गेला, तर काचेच्या तड्यावर लगेच चिकटपट्टी लावा, गेज बंद पिशवीत ठेवा आणि उघडायचं काम रेडियमच्या डायल हाताळणाऱ्या माणसाकडेच द्या. पाठवण्याआधी ‘रेडियमची डायल घेता का’ हे विचारून घ्या, बरेच जण घेत नाहीत.

तांबं_पितळ
काटेकोर म्हणतात ते आधी करा. पण चांगली बातमी अशी की नळी जोडायला गेज उघडावाच लागत नाही. सगळं काम डबीच्या बाहेर होतं.
गेजच्या आत एक चपटी, वाकडी नळी असते, बोर्डन ट्यूब. इंजिनच्या हेडमधल्या बल्बमध्ये थोडं ईथर असतं. पाणी तापलं की ईथरच्या वाफेचा दाब वाढतो, वाकडी नळी सरळ व्हायला बघते आणि काटा सरकतो. तुमची नळी तुटली, ईथर उडून गेलं, काटा पडला. आतलं यंत्र बहुधा शाबूत आहे.
उपाय असा: त्याच प्रकारचा, म्हणजे ईथरच्या बल्बचा साधा नवा गेज घ्या आणि त्याचा बल्ब नळीसकट तुमच्या गेजला जोडा. नळी थोडी लांब किंवा आखूड झाली तरी चालतं, कारण बल्बमध्ये द्रव शिल्लक आहे तोवर दाब फक्त तापमानावर ठरतो.
नवा बल्ब बर्फ आणि मिठाच्या कालवणात उभा बुडवा आणि भरपूर वेळ तसाच राहू द्या. ईथर ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास उकळतं. इतक्या थंडीत ते बल्बच्या तळाशी बसतं आणि नळी कापली तरी बाहेर उसळत नाही. नळी पक्कडीने तोडू नका, भोक चेपतं. कानशीने भोवती खाच पाडा आणि हलकेच मोडा. दोन्ही टोकांवर घट्ट बसेल असा पितळी नळीचा तुकडा घाला आणि इलेक्ट्रिक सोल्डरिंग आयर्नने डाख द्या. टोकं तुकड्याच्या मधोमध भिडलेली हवीत, म्हणजे डाख भोकात शिरत नाही.
दोन गोष्टी अजिबात विसरू नका. ईथर भडका उडवणारं आहे, तेव्हा काम उघड्यावर करा, ज्योत जवळपास नको आणि बल्ब शेवटपर्यंत बर्फातच. दुसरं, मूळचा नट आणि नळीवरची संरक्षक स्प्रिंग डाख देण्याआधीच ओवून ठेवा. नंतर ती चढत नाहीत आणि पूर्ण जोड पुन्हा सोडवावा लागतो.
मग बल्ब गरम पाण्यात सोडा, शेजारी थर्मामीटर धरा. ८० अंश सेल्सिअसला काटा १७६ फॅरनहाइटच्या जवळ यायला हवा.

लांबचा_पल्ला
मी थोडं वेगळं सांगतो. गाडी लांब चालवणार असाल तर नक्कल बसवा आणि मूळ गेज जपून ठेवा. हाताने जोडलेल्या नळीवर मी घाटात विसंबणार नाही. गेज गप्प राहिला आणि हेड गास्केट गेलं, तर सुंदर डायलचं काय करायचं?

तांबं_पितळ
काळजी रास्त आहे, पण नकलाही काही अचूक नसतात. कुठलाही गेज बसवा, गरम पाण्याची परीक्षा घेतल्याशिवाय त्यावर विश्वास नको. मूळ डायल गाडीतच शोभते असं मला मनापासून वाटतं.

हिरवी_एम३८
मध्येच विचारतो. माझ्या गाडीचं मागच्या मालकाने १२ व्होल्ट केलंय आणि पेट्रोलचा गेज मेलाय. तोही असाच दुरुस्त होतो का?

काटेकोर
नाही दादा, तो विजेवर चालतो, त्याचं गणित वेगळं. तुमची एम३८ जीप मूळची २४ व्होल्टची. तेव्हा गेज जळालाय असं धरू नका, त्याला वीजच कमी मिळत असेल. आधी टाकीवरच्या सेंडरची (तरंगत्या फ्लोटवरून पेट्रोलची पातळी गेजला कळवणाऱ्या भागाची) अर्थिंग घासून साफ करा, बहुतेक वेळा दोष तिथेच सापडतो. मग मल्टिमीटरने सेंडरचा ओहम, म्हणजे विजेचा रोध, मोजा, फ्लोट वरखाली करताना आकडा सलग बदलायला हवा. सेंडर ठीक निघाला तर त्या ओहमला आणि १२ व्होल्टला जुळणारा गेज शोधा.

जुनी_चाकं
सगळ्यांचे आभार. काउंटर एका ओळखीच्यांकडून मिळाला. काचेवर धरताच टिकटिक एकदम वाढली, म्हणजे रेडियमच. तड्यावर पट्टी लावून गेज पिशवीत बंद केलाय. नळी आणि काच दोन्ही जाणकाराकडूनच करून घेतो. तोवर साधा गेज डॅशबोर्डखाली टांगतो.
तुटका बल्ब अजून हेडमध्ये आहे. नट फिरवला की बल्बही फिरतोय. जोर लावू का?

तांबं_पितळ
जोर नको. गंज सोडवणारं तेल रात्रभर मुरू द्या. नळी तशीही तुटलेलीच आहे, तेव्हा तिच्यावरून रिंग पाना ओवा आणि नट थोडा सैल, थोडा घट्ट असा करत सोडवा. बल्ब सोबत फिरला तरी आता बिघडण्यासारखं काही नाही, फक्त हेडमधली आटी जपा. नवी नळी बसवताना मात्र बल्ब स्थिर आणि नट मोकळा फिरतोय हे बघा, फायरवॉलजवळ (इंजिन आणि बसायची जागा यांमधल्या पत्र्याजवळ) तिचे एक-दोन सैल वेढे ठेवा म्हणजे इंजिनचं कंपन त्यात जिरतं, आणि एक्झॉस्टपासून ती लांब न्या.