मदत हवी आहे: मानपत्रात कीर्ती, यश, गौरव, महिमा की वैभव?

भाची_नंबर_एक
नमस्कार मंडळी, जरा अर्जंट आहे. आमचे मामा एसटीत ड्रायव्हर, 31 वर्षं गाडी चालवली, एक अपघात नाही, येत्या 30 तारखेला रिटायर होतायत आणि गावाने सत्कार ठेवलाय. मानपत्र माझ्या गळ्यात, का तर म्हणे तुझं मराठीत एमए झालंय ना. समितीने एक मसुदा दिलाय त्यातलं वाक्य जसंच्या तसं टाकते: "आपली किर्ती दिगंतात पसरली असून आपल्या वैभवशाली सेवेचा महिमा व आपले प्रताप वर्णावे तितके थोडेच." मामींना वाचून दाखवलं तर पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, दिगंत कुठलं, घाटापलीकडच्या डेपोत यांना कोणी ओळखत नाही, आणि प्रताप म्हणशील तर ते मी सांगते ये बस. आता मलाच कळेना यातला कुठला शब्द ठेवू. फरक नक्की काय आहे यांच्यात?

जुना_प्रूफवाला
आधी प्रताप काढा ताई, हात जोडतो. राजाचा प्रताप असतो तेव्हा तो पराक्रम, अनेकवचनात "प्रताप" झाले की काचा फोडलेल्या असतात. आणि "किर्ती" नाही, "कीर्ती". दोन्ही दीर्घ. समासात मात्र शेवटचा ऱ्हस्व होतो, कीर्तिमान, कीर्तिस्तंभ. फ्लेक्सवाल्याला कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्या, फोनवर सांगितलंत तर तो त्याला हवं तेच टाईप करणार, मी 20 वर्षं भोगलंय.

घाटमाथा
वैभव पण उडवा. वैभव दिसावं लागतं हो, वाडा, झुंबरं, दारात हत्ती. रिटायर होणाऱ्या ड्रायव्हरला वैभवशाली म्हणजे थट्टाच वाटेल. महिमा देवाचा, क्षेत्राचा, नामाचा. मामांना देव्हाऱ्यात बसवायचं नसेल तर नको.

भाची_नंबर_एक
मग यश? यशस्वी सेवा?

जुना_प्रूफवाला
यशाची गंमत आहे. संस्कृतात यश म्हणजे नावलौकिकच, म्हणून तिथे अपयश म्हणजे बदनामी. मराठीत येईपर्यंत यश म्हणजे पास आणि अपयश म्हणजे नापास एवढंच उरलं. जुना अर्थ पार गेला असंही नाही, देवाचे सहा गुण मोजताना आपण यश, श्री, औदार्य, ज्ञान, वैराग्य, ऐश्वर्य म्हणतो तिथलं यश म्हणजे परीक्षेतलं नव्हे. डॉक्टरच्या हाताला यश आहे म्हणतात तेही छान, पण "यशस्वी सेवा" अगदीच सरकारी परिपत्रक वाटतं. कीर्ती आणि कीर्तन एकाच धातूचे, म्हणजे कोणीतरी चार ठिकाणी सांगत फिरल्याशिवाय कीर्ती होत नाही. मामांचं कोण सांगतं?

भाची_नंबर_एक
सांगत कोणी नाही पण सगळ्यांना माहितीये, असं आहे ते. मुक्कामाची गाडी असायची त्यांची, रात्री गावात यायची आणि पहाटे साडेपाचला सुटायची. वळणावर पिंपळ आहे तिथे दोनदा हॉर्न द्यायचे, वरच्या वस्तीवरची एक आजी फुलांची पाटी घेऊन बाजारला जायची तिच्यासाठी. आजी वारली त्याला आता बरीच वर्षं झाली. हॉर्न अजून देतात, सवयीने. वस्तीवरचे लोक त्यावर घड्याळ लावतात.

कुंदा_वसईकर
अहो हे लिहा ना मग! शब्दाचं विचाराल तर मी "गौरव" म्हणेन. आमच्या चर्चमध्ये नाताळला "ऊर्ध्वलोकी देवाला गौरव" म्हणतो, तेव्हा मला लहानपणी वाटायचं देवाचा पण सत्कार आहे, शाल-श्रीफळ देतात की काय. नंतर बायबलच्या वर्गात कळलं की जुन्या करारात गौरवासाठी हिब्रू शब्द कावोद, त्याच्या धातूचा अर्थच जड असणं, वजन असणं.

जुना_प्रूफवाला
वा कुंदाताई, आपल्याकडेही तेच की. गुरु म्हणजे जड, त्याचं गौरव, जसं लघुचं लाघव. म्हणजे ज्याच्या शब्दाला वजन तो गौरवाचा. फक्त एक अडचण, गौरव आता करायची गोष्ट झालीये, गौरवमूर्ती, गौरवांक, गौरव समिती. तो हार घालणाऱ्यांकडे असतो. शीर्षकात "गौरवपत्र" चालेल, मजकुरात माणसाबद्दल दुसरा शब्द बघा.

घाटमाथा
लौकिक! माझं मत लौकिकला. लोक आहेत त्यात. कीर्तीसारखा दिगंतात जायला नको, पंचक्रोशीत मावतो. आमच्याकडे म्हातारी माणसं अजून "लौकिकाला जप" म्हणतात, कीर्तीला जप कोणी म्हणत नाही. प्रसिद्धी पेपरातली, ख्याती कशाचीही असते, भांडखोरपणाची पण.

भाची_नंबर_एक
लौकिक पटला. बघा हे कसं वाटतं: "31 वर्षांत आपल्या गाडीला ओरखडा नाही आणि आपल्या लौकिकाला बट्टा नाही. पिंपळाच्या वळणावरचा आपला दोनदा वाजणारा हॉर्न हे या वस्तीचं घड्याळ आहे."

जुना_प्रूफवाला
उत्तम. "घड्याळ आहे" की "होतं" ते ठरवा, 30 नंतर वाचणार ना लोक.

भाची_नंबर_एक
अरे हो. मामींना विचारलं. म्हणाल्या आहेच ठेव, नवीन ड्रायव्हरला हॉर्नचं सांगून ठेवलंय त्यांनी.